आत्याचं काळं पातं

रोज सकाळी सव्वासहाला बूट घालून झाले की आत्या जाकिटाच्या खिशातून घडीचा चाकू काढायची. अंगठ्याने पातं उघडायची, आतला खटका ‘टक्’ वाजतो का ते कान देऊन ऐकायची, आणि मग बोटं पात्याच्या वाटेतून बाजूला धरून पात्याची पाठ, म्हणजे बिनधारेची बाजू, दाराच्या चौकटीवर दाबायची. एकदा, दोनदा. पातं मिटलं नाही की स्वतःशीच मान हलवायची, चाकू मिटून खिशात टाकायची आणि म्हणायची, “चला, येते.” ते ‘येते’ आम्हाला असायचं की चौकटीला, हे मला कधी कळलं नाही. चौकटीवर त्या जागी बोटभर लांबीचा खळगा पडला होता. घराला रंग देताना रंगारी तो बुजवायला निघाला तेव्हा आत्याने त्याला अडवलं होतं. “राहू दे. ते माझं हजेरीपुस्तक आहे.”

आत्या जलाशयावर कामाला होती. घरापासून पाऊण तासावर, धरणामागच्या पाण्यात, माशांचे पिंजरे तरंगत असत. निळ्या प्लास्टिकच्या पिंपांवर बांधलेल्या लोखंडी चौकटी, त्यांच्यामधून चालायला दोन फूट रुंदीच्या फळ्या, आणि खाली पाण्यात लोंबणारी मोठमोठी जाळी. जाळ्यांत मासे. फळीवर उभं राहिलं की सगळं सतत हलायचं, आणि संध्याकाळी घरी आल्यावरही आत्या ओट्याशी उभी राहून किंचित डुलत असायची. जाळी तपासणं, फाटलेली शिवणं, झिजलेले दोर बदलणं, माशांच्या खाद्याची पोती फोडणं ही तिची कामं. दिवसातून साठ-सत्तर वेळा तरी चाकू उघडावा लागे.

त्याआधी ती जाळी विणणाऱ्या कारखान्यात होती. एकोणिसाव्या वर्षी तिथे लागली आणि चौदा वर्षं तिने गाठी मारल्या. गाठीकडे ती बघायची नाही. गप्पा मारत, खिडकीबाहेर बघत तिची बोटं गाठ मारायची, आणि गाठ नीट बसली की नाही हे तिला बोटांच्या टोकांना कळायचं. कारखाना बंद पडला तेव्हा ती सरळ जलाशयावर गेली आणि मुकादमाला म्हणाली, “जाळी शिवायला माणूस हवंय म्हणे.”

मुकादम म्हणाला, “माणूस हवंय ताई. हे पाण्यावरचं काम आहे. इथे बायका नसतात.”

आत्याने किनाऱ्यावर वाळत घातलेलं एक दुरुस्त केलेलं जाळं उचललं, आणि शिवलेल्या जागेतून आपला हात खांद्यापर्यंत आरपार घातला. “हे शिवलंय कोणी? मासा राहू द्या, यातून तुम्ही जाल.”

दुसऱ्या दिवसापासून ती कामावर होती.

पहिल्याच वर्षी तिचं बोट कापलं. भांडारातून सगळ्यांना एकसारखे घडीचे चाकू मिळाले होते, स्वस्तातले. एका जाड दोरात पातं रुतलं, तिने ते उपटून काढायला चाकू झटक्याने वर ओढला, खटका सुटला आणि पातं उजव्या हाताच्या तर्जनीवर मिटलं. दोन महिने ती घरी होती. जखम भरली, बोट वाकू लागलं, पण टोकाची जाण परत आली नाही. गरम कप धरला तरी त्या बोटाला पत्ता नसे. मधल्या बोटाने गाठी मारायला ती नव्याने शिकली. तेहतीस वर्षांची बाई पहिलीतल्या मुलीसारखी जीभ ओठांत धरून गाठी मारत बसायची, हे मला आईने सांगितलेलं आहे. “एक बोट दिलं पाण्याला,” आत्या म्हणायची. “आता दुसरं गेलं तर मी घरी. उरलेल्यांत गाठ मारता येत नाही.”

कामावर परत जाण्याआधी ती चाकू घ्यायला बाजारात गेली. डोंगर चढणाऱ्यांचं सामान विकणारं दुकान होतं ते. तिने काउंटरवर सात चाकू मांडायला लावले. एकेक उघडायचा, आवाज ऐकायचा, लाकडाच्या कडेवर पाठ दाबून बघायची, पातं डावीकडे-उजवीकडे डुगडुगतं का पाहायची. अर्ध्या तासाने दुकानदाराचा धीर सुटला.

“ताई, चाकू घेताय की लग्न जमवताय?”

“लग्न एका बैठकीत जमलं माझं,” आत्या म्हणाली. “तिथे घाई झाली. इथे नको.”

तिने निवडलेल्या चाकूचं पातं काळं होतं. भाजलेल्या मातीसारखं काळं, अजिबात न चमकणारं. पोलादावर गंज चढू नये म्हणून दिलेला तो लेप. फक्त धारेची रेघ तेवढी पांढरी.

कॉलेजच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायला जायचे तेव्हा संध्याकाळी तिचं काम बघत बसायचे. आल्या आल्या चाकू साध्या पाण्याने धुवायचा, माशांचा चिकटा आणि खाद्याचा भुगा निघून जाईपर्यंत. मग जुन्या मऊ दातघासणीने सांध्यातली आणि खटक्याच्या खाचेतली घाण काढायची. फडक्याने कोरडा करून उघडाच खिडकीत ठेवायचा. रात्रीची भांडी होईपर्यंत तो आतूनही वाळायचा. मग सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. दोन नाहीत. “जास्त तेल घातलं की धूळ येऊन बसते, आणि पाहुण्यांसारखी जात नाही.”

“पण याला लेप आहे ना? गंजणारच नाही,” मी एकदा म्हटलं.

“लेप अंगावर आहे गं. धारेवर नाही, सांध्याच्या आत नाही. रेनकोट घातला तरी तोंड आणि पाय भिजतातच की.” आणि तिने तेलाचं बोट धारेवरून, धारेच्या आडवं, हलकेच पुसून दाखवलं. धारेच्या दिशेने कधीच नाही.

धार लावायची तेव्हा ती बारीक दगड ओल्या फडक्यावर ठेवायची, म्हणजे तो सरकत नाही. पातं दगडावर आडवं पडू द्यायची नाही, नाहीतर लेप खरवडला जातो. फक्त धार टेकेल एवढंच तिरकं धरायचं, आणि तो तिरकेपणा पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच. त्या वेळी तिच्याशी कोणी बोललं तर ती उत्तर द्यायची नाही. तारेची घासणी चाकूच्या आसपास फिरकू द्यायची नाही. चार वर्षांत लेपावर ओरखडे उमटले होते, धारेजवळ तो विरळ झाला होता, अंगठा लागायचा तिथे राखाडी झाला होता. तिला त्याचं काही वाटत नसे. “वापरलंय म्हणजे वापरल्यासारखं दिसणारच.”

काकांना मात्र वाटायचं.

आत्याचे यजमान, आमचे काका, पॉलिशवाले. घराच्या खालच्या मजल्यावर त्यांचं दुकान. विजेवर गरगरणारं कापडी चाक, त्याला लावायच्या मेणासारख्या हिरव्या वड्या, आणि कपाळापासून मनगटापर्यंत उडालेली काळी धूळ. दाराच्या कड्या, बिजागऱ्या, नळ, जिन्याचे कठडे, जे येईल ते काका आरशासारखं करून द्यायचे. त्यांच्या घरात काळं असं काही टिकायचं नाही. चहाच्या पातेल्याचं बूडसुद्धा असं की त्यात बघून भांग पाडावा. आत्या म्हणायची, “मी सावळी आहे हे नशीब, काळी असते तर एखाद्या दिवशी चाकावर धरलं असतं.”

त्या चाकूवरून दोघांचं चार वर्षं चालू होतं.

“एवढं चांगलं पोलाद, आणि अंगाला काजळी फासून हिंडतंय,” काका म्हणायचे.

“काजळी नाही हो, लेप आहे तो.”

“लेप म्हणजे काय, मळच. जरा महागातला.”

आत्या हसायची आणि चाकू खिशात टाकायची. काका तेवढ्यापुरते गप्प बसायचे. पण खिडकीत उघडा वाळत पडलेल्या त्या पात्याकडे ते ज्या नजरेने बघायचे ती मी पाहिलेली आहे. चांगल्या घरातल्या मुलाला मळक्या शर्टात बघावं तसे.

एका रविवारी दुपारी आत्या बहिणीकडे गेली. चाकू जाकिटात, जाकीट खुंटीवर. मी वर वाचत पडले होते, आणि खालून चाकाचा आवाज येत होता. रविवारी काका चाक चालवत नाहीत हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही. तासाभराने ते जिना चढून आले ते चेहऱ्यावर हसू दाबत. फाटक वाजलं, आत्या आली होती. त्यांनी घाईघाईने हातातलं काहीतरी फडक्याने पुसलं, जाकिटाच्या खिशात टाकलं, आणि ओठांवर बोट ठेवून मला म्हणाले, “उद्या सकाळी गंमत बघ. चौकटीपाशी उघडेल ना, तेव्हा तोंड बघ तिचं.”

सोमवारी सकाळी काका कधी नव्हे ते तिच्याआधी उठले. पण चौकटीपाशी काही झालंच नाही. सहालाच मुकादमाचा फोन आला. पहाटेच्या वाऱ्याने एका रांगेचा नांगर सुटला होता, पिंजरे तिरके व्हायला लागले होते, गाडी कोपऱ्यावर उभी होती. आत्याने जाकीट ओढलं, एका बुटाची नाडी तशीच लोंबत ठेवली आणि ती पळाली. “येते”सुद्धा जिन्यावरून ऐकू आलं.

“गेली,” काका हिरमुसून म्हणाले. “जाऊ दे. तिकडे बघेल.”

साडेनऊच्या सुमाराला दुकानात शाळेच्या बसचा ड्रायव्हर आला. शाळेच्या सभागृहाच्या पितळी कड्या काकांनी आठवड्यापूर्वी पॉलिश करून दिल्या होत्या. त्यातल्या दोन तो काढून घेऊन आला होता.

“चमकतात सुरेख. पण दार लागत नाही. कडी सरकते, खाचेत बसतच नाही. वारा आला की दार उघडतं आणि हेडमास्तरांच्या भाषणात मांजर शिरतं.”

काकांनी चष्मा लावला. टाचणीने खाचेत टोकरलं. हिरव्या मेणाचा एक घट्ट गोळा बाहेर आला. चाकावर तापून वडीचं मेण पातळ होतं, फटीफटींत उतरतं आणि तिथे थिजतं. पॉलिश झालं की प्रत्येक खाच रॉकेलने धुवायची, हा तर त्यांच्या कामाचा पहिला धडा. या कड्यांच्या वेळी राहून गेलं होतं.

“चूक माझी,” काका म्हणाले. “धुवायला विसर…”

आणि ते तिथेच थांबले. टाचणी हातातून खाली पडली. मी समोरच उभी होते. त्यांच्या तोंडचं पाणी पळालेलं मला दिसलं.

“काल मी चाकू धुतला नाही,” ते म्हणाले. “फाटक वाजलं म्हणून नुसता पुसला. खटक्याच्या खाचेत…” मग माझ्याकडे वळून, “सकाळी ती चौकटीपाशी थांबली होती का गं?”

“नाही,” मी म्हटलं. त्यांनाही ते माहीत होतं.

फोन लावून बघितला. लागला, वाजत राहिला. पाण्यावर जाताना सगळे आपले फोन किनाऱ्यावरच्या खोलीत एका प्लास्टिकच्या डब्यात ठेवतात. काकांनी तीनदा लावला, जणू तिसऱ्या वेळी डबा उत्तर देईल.

ड्रायव्हर म्हणाला, “बस बाहेर उभी आहे. पोरं सोडून आलोय. चला.”

शाळेच्या त्या बसमध्ये बाकं पहिली-दुसरीच्या मुलांच्या मापाची होती. काका बसले तेव्हा त्यांचे गुडघे हनुवटीला लागले. अंगावर दुकानातला काळा झगा, कपाळावर सरकवलेला चष्मा. घाट लागला तरी ते वाकून पुढचा रस्ताच बघत होते. शेवटी ड्रायव्हरला राहवेना.

“एवढं झालंय तरी काय?”

“माझ्या हातून बायकोचं बोट…”

“कापलंत?” ड्रायव्हरने ब्रेकच दाबला.

“अजून नाही हो! तुम्ही गाडी चालवा!”

किनाऱ्यावर पोचलो तेव्हा वारा अजून होता. पाणी गढूळ, लहान लहान लाटांनी उठलेलं. दूरवर पिंजऱ्यांची तिसरी रांग एका बाजूने खाली दबलेली दिसत होती, आणि तिथे नारिंगी जाकिटांचा घोळका. ओरडण्याचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. पहारेकरी हाताचा आडोसा करून तिकडेच बघत होता.

“शिडी अडकलाय,” तो म्हणाला. शिडी म्हणजे आत्याबरोबर काम करणारा एक साडेसहा फुटी माणूस. “दोरात पाय गेलाय त्याचा. करवत आहे बोटीत आणि बोट पलीकडच्या टोकाला. ताई गेल्यात कापायला.”

काका घोट्याएवढ्या पाण्यात शिरले आणि तोंडाभोवती दोन्ही हात धरून ओरडले, “चाकू वापरू नकोस! अगं, चाकू वापरू नकोस!”

वाऱ्याने ते सगळं आमच्याच अंगावर परत आणलं.

“मग काय दातांनी तोडणार त्या?” पहारेकरी म्हणाला.

काका तसेच पाण्यात उभे राहिले. मला त्यांचे हात दिसत होते. आयुष्यभर चाकावर पितळ धरलेले ते हात. त्यांनी ते काखेत दाबून धरले होते.

घोळक्यातून एकदम आरडाओरडा झाला. रांग झटक्याने वर आली, पिंपं पाण्यावर आपटली. मग बराच वेळ काही नाही. मग बोट सुटली.

ती जवळ येताना काका माणसं ओळखत होते. मोटरीवर मुकादम. पुढे जाळ्याच्या ढिगावर आडवा शिडी, एक पाय फडक्यात गुंडाळलेला. मध्ये आत्या बसलेली. बसलेली आहे, म्हणजे ठीक आहे, असं काका पुटपुटले. तेवढ्यात आत्याने आम्हाला ओळखलं आणि उजवा हात वर करून हलवला. हातात पिवळा रबरी हातमोजा होता. त्याच्या तर्जनीचं टोक नव्हतं. जिथे ते असायला हवं तिथे एक तिरका काप, आणि रबराची एक पट्टी लोंबत होती.

काका मटकन चिखलात बसले.

बोट किनाऱ्याला लागली. आत्या उडी मारून उतरली आणि धावत आली. “अहो, काय झालं? घरी काय झालं? दोघं इथे कशी?”

काकांनी तिचा हात धरला आणि हातमोजा ओढला. तो सहज निघाला, पुरुषी मापाचा होता. आत तिचा हात होता. ओला, सुरकुतलेला, पांढरा पडलेला, आणि पाच बोटांचा. काकांनी एकेक बोट चिमटीत धरून बघितलं. मग परत पहिल्यापासून.

“अहो, सगळ्यांसमोर काय हे?”

“थांब. मोजू दे.”

“पाचच आहेत. लग्नात पण पाचच होती.”

“थांब म्हटलं ना!”

मोजून झाल्यावर त्यांनी तो हात आपल्या कपाळाला लावला आणि एक मोठा श्वास सोडला. असा की शेजारी उभा असलेल्या ड्रायव्हरनेही सोडला. त्यांच्या कपाळावरची काळी धूळ तिच्या बोटांना लागली. माझा जीव भांड्यात पडला तो तेव्हा.

पिंजऱ्यावर काय झालं ते आत्याने तिथेच, ओल्या पोत्यावर बसून सांगितलं. नांगराचा सुटलेला दोर ओढताना शिडीचा घोटा दोर आणि लोखंडी खुंटी यांच्यामध्ये सापडला. प्रत्येक लाटेगणिक दोर आवळत होता आणि त्याच्या बाजूची फळी पाण्याखाली चालली होती. सकाळपासून नुसती ओढाताण चालली होती. आता तिने पहिल्यांदा चाकू काढला, उघडला.

“उघडला तर काय, आरसा! मला वाटलं, घाईत कोणाचा तरी दुसराच उचलून आणला. मग मूठ ओळखीची लागली. पण टक् वाजलं नाही. कठड्यावर पाठ टेकवली तर पातं लोण्यासारखं मिटलं.”

“मग?” काकांनी विचारलं.

“मग काय. तुमचं काम आहे हे तेव्हाच कळलं. अख्ख्या जगात चाकूला आरसा कोण करणार दुसरं? पण तेव्हा तुम्हाला शिव्या द्यायला वेळ नव्हता.”

करवत यायला दहा मिनिटं होती. शिडीचा पाय निळा पडत चालला होता. तो वरून ओरडत होता, “ताई, बघताय काय!” आणि आत्या खरंच चाकूकडे बघत होती. पूर्वीचं बोट कसं कापलं होतं ते तिला पाठ होतं. पातं मिटतं ते पाठीवर भार आला तर. भार धारेवर असेल तोवर ते उघडंच राहतं, खटका असो की नसो. म्हणजे उपटायचं नाही, पिळायचं नाही, खुपसायचं नाही. धार दोरावर टेकवायची, अंग बाजूला ठेवून आपल्याकडे ओढायची, अलगद उचलायची, परत टेकवायची. मिटलं तर पातं मुठीच्या ज्या खाचेत जाईल तिच्यावर बोटं गुंडाळायची नाहीत. मूठ नुसती तळवा आणि अंगठा यांच्यात धरायची.

“घरी बटाटा कापावा तसं कापलं,” ती म्हणाली. “फक्त बटाट्याला शिडी बांधलेली होती.”

“मला बटाटा म्हणाल्या,” शिडी आडव्याआडव्याच मुकादमाला म्हणाला. त्याचा घोटा सुजला होता, पण बोटं हलत होती, आणि तो हसत होता.

“नाही रे बाबा. तू शिडीच.”

दोर ताणलेला असल्यामुळे पटापट तुटत गेला. शेवटचा पदर तुटला तसा हिसका बसला, चाकूची पाठ खुंटीवर आपटली आणि पातं खाडकन मिटलं. आत्याने सगळी बोटं बाजूला ठेवली होती, एक सोडून. ती तर्जनी, जिच्या टोकाला काही कळत नव्हतं, ती कधी खाचेवर सरकली हे तिला समजलंच नाही. धारेखाली आलं ते हातमोज्याचं टोक. पुरुषी मापाचा मोजा, प्रत्येक बोटापुढे अर्धा इंच रिकामा. तेवढाच अर्धा इंच गेला.

मुकादमाने तो मोजा उचलून उलटसुलट बघितला. “ताई, चार वर्षं लहान मापाचे मोजे मागताय. आता नका मागू.”

“मागणार,” आत्या म्हणाली. “पण आज नाही.”

काका उठले, तिच्या जाकिटातून त्यांनी तो चाकू काढला आणि पाण्यात भिरकावण्यासाठी हात मागे नेला. आत्याने मनगट धरलं.

“काय करताय? लेप गेलाय, चाकू नाही गेला.”

“मला तो बघवत नाही.”

“काल तर फार बघवत होता.”

त्या दिवशी दुपारी स्वयंपाकघराच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून दोघं बसली. काका रॉकेल आणि काड्या घेऊन, आत्या दातघासणी घेऊन. काडीला फडक्याची चिंधी गुंडाळून काकांनी खटक्याच्या खाचेतून हिरवं मेण काढलं, जरा जरा करत, टोक दर वेळी दिव्याजवळ धरून बघत. आत्याने घासलं, धुतलं, पुसलं. तासाभराने तिने पातं उघडलं.

टक्.

काकांनी तिच्या हातातून चाकू घेतला आणि स्वतः उघडला. परत उघडला. सात-आठ वेळा ते नुसते तो आवाज ऐकत बसले. आत्याने शेवटी तेलाची बाटली पुढे सरकवली. “एक थेंब. कळलं ना? एकच.”

उघडं पडलेलं ते पोलाद पुढे फार हट्टी निघालं. एक संध्याकाळ पुसायला उशीर झाला तर सकाळी त्यावर तपकिरी ठिपके. ते पुसायचं काम काकांनी आपणहून घेतलं. ठिपका दिसला की त्यांचा हात चाकाकडे जायला निघायचा आणि अर्ध्या वाटेतून परत यायचा. वर्षभराने आत्याने नवा चाकू घेतला, पुन्हा काळाच. तो घ्यायला काका बरोबर गेले होते. दुकानदाराने चमकणाराही एक दाखवला तर काका म्हणाले, “नको, नको. काळा द्या. काळाच चांगला असतो.” आत्या म्हणे दुकानाबाहेर येऊन हसली, इतकी की तिला पायरीवर बसावं लागलं.

तेव्हापासून संध्याकाळी तिच्या पावलांचा आवाज आला की काका वर येऊन दार उघडायचे आणि उंबऱ्यात आडवे उभे राहायचे. आत्या तळवे त्यांच्यापुढे धरायची, मग उलटे करून दाखवायची, शाळेत नखं दाखवतात तशी. मगच ते बाजूला व्हायचे. ती अकरा वर्षं आणखी पाण्यावर गेली. शेवटची काही वर्षं तिच्या हाताखाली चार जणी होत्या, आणि प्रत्येकीला तिने पहिल्या दिवशी चाकू उघडायच्या आधी मिटायला शिकवलं.

कामाचा तिचा शेवटचा दिवस होता तेव्हा मी मुद्दाम गेले होते. किनाऱ्यावर त्यांनी तिला फुलं दिली होती, आणि शिडीने आपल्या हाताने शिवलेली एक पिशवी, जिच्यातून आत्याने सगळ्यांसमोर करंगळी आरपार घालून दाखवली. संध्याकाळी ती जिना चढून आली, नेहमीपेक्षा सावकाश. काका दारात उभे होते. तिने फुलं माझ्याकडे दिली आणि दोन्ही हात पुढे केले. काकांनी बघितले. उलटे केले, बघितले. त्या दिवशी त्यांनी ते सोडलेच नाहीत, तसेच धरून उभे राहिले, आणि त्यांचे डोळे भरून आले.

“बघितलेत ना?” आत्या म्हणाली. “मग व्हा बाजूला. बूट काढायचेत मला.”